शेऱ्याच्या जागी पांढरी पट्टी

"आमची अश्विनी म्हंजी गरीब गाय हाय, मॅडम. एका जागी बसली की दोन-दोन तास हलायची न्हाई."

मी फॉर्मवर शून्य लिहिलं आणि फोनवरच्या तिच्या आईला पुढचा प्रश्न विचारला. "लहानपणी वस्तू हरवायची का? वही, पेन, दप्तर?"

"छ्या! पहिलीची पाटी अजून घरात हाय तिची."

पुन्हा शून्य. "सांगितलेलं काम अर्धवट टाकायची?"

"हातातलं काम पुरं केल्याबिगर जेवायला बसायची न्हाई." फोन स्पीकरवर असावा, कारण मागून एक पुरुषी आवाज आला, "सांग की वहिनी, शाळेत पयला नंबर हुता म्हनून."

अठरा प्रश्नांना अठरा शून्यं मिळाली. इतकं गुणी मूल मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. आणि हेच गुणी मूल तीन आठवड्यांपूर्वी माझ्यासमोर बसून रडत होतं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अहिल्यानगरला, लोकांच्या तोंडात अजून नगरलाच, एका मानसोपचार तज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये काम करते. गोळ्या लिहून देतात ते सर. माझं काम बोलायचं, ऐकायचं, चाचण्या घ्यायच्या. अश्विनी (नाव बदललंय, बाकी सगळं तिला विचारून लिहिते आहे) अठ्ठावीस वर्षांची, खर्ड्याजवळची. नगरला खोली घेऊन राहायची आणि एका डेअरीच्या लॅबमध्ये कामाला होती. गावोगावचं दूध येतं, त्याचं फॅट तपासायचं आणि आकडा रजिस्टरला लिहायचा. तपासणी तिची चोख. पण लिहिताना एका गावाचं फॅट दुसऱ्या गावाच्या नावावर जायचं. तीन मेमो झाले होते. कॉन्ट्रॅक्ट जानेवारीअखेर संपणार होतं आणि मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं की असंच चाललं तर पुढचं मिळणार नाही.

मोबाईलवर एडीएचडीबद्दलची कुठलीशी रील बघून ती आली होती. रील बघून येणारे बरेच असतात आणि मला त्यांचा जरा रागच येतो. पण ही म्हणाली, "मॅडम, मला काय काय होतं त्याची यादी केली होती. ती घरी विसरले." मग हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मला फक्त एवढंच सांगा, मी निष्काळजी आहे की मला काही आहे? निष्काळजी असेन तर तसं सांगा. मी गावाला परत जाते."

एडीएचडी म्हणजे लक्ष नसणं नव्हे. लक्ष असतं, पण हवं तिथे, हवा तेवढा वेळ टिकत नाही. सोबत उतावळेपणा, चुळबुळ, विसरणं. हे मोठ्या माणसांतही असतं. त्याची रक्ततपासणी नसते. थायरॉइड, झोप, काळजी, नैराश्य अशी बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात. ती आम्ही काढली. माझ्या चाचण्यांचे निकालही त्याच दिशेने बोट दाखवत होते. पण एक अट राहते. ही लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीपासून असायला हवीत, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसलेली हवीत. म्हणून लहानपण पाहिलेल्या माणसाला विचारायचं. ह्याला आम्ही कोलॅटरल म्हणतो.

अश्विनीने परवानगी दिली, पण अट घातली. "मानसोपचाराचं नाव काढू नका. आई हाय खाईल. मी सांगते, ऑफिसकडून एक मॅडम फोन करतील, माझ्याबद्दल विचारतील. खरं सांगा म्हणते."

मला ते फारसं पटलं नव्हतं. पण तिच्या आजाराची गोष्ट कुणाला सांगायची, हे तीच ठरवणार. मी हो म्हटलं.

सरांपुढे अठरा शून्यं ठेवली. सरांनी चष्मा वर केला.

"हे काय?"

"आईचं म्हणणं."

"मग एडीएचडी नाही."

"सर, मुलगी समोर बसून दहा मिनिटांत माझी तीन पेनं उघडून बंद करते."

"पेनांवर सर्टिफिकेट देता येत नाही. शाळेचं काही मिळतंय का बघा."

मी परत फोन लावला. ह्या वेळी तो मागचा आवाजच बोलला. अश्विनीचे चुलते, नाना. मी जुनी प्रगतीपुस्तकं मागितली. नाना खूश झाले. "आजकाल बगावंच लागतं, मॅडम. बराबर हाय तुमचं. तुमचं मूळ गाव कोन्तं?" मी सांगितलं. "तिकडं पाव्हनं कोन कोन?" तेही सांगितलं. मला वाटलं, माणूस बोलका आहे. स्वतःच्या दोन बहिणींची लग्नं मी जवळून पाहिलेली, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. कागद पाठवायला मी सावेडीतल्या बिल्डिंगचा पत्ता दिला.

चार दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, आमची रिसेप्शनिस्ट मार्था केबिनमध्ये आली. "मॅडम, गावाकडून दोघं आलेत. अपॉइंटमेंट नाही. पिशवीभर हुरडा आणलाय आणि मला विचारतायत, घरात माणसं किती."

बाहेर गेले. इरकल नेसलेली, पन्नाशीची बाई कोचाच्या अगदी कडेला बसली होती. शेजारी पांढरे कपडे, कडक टोपी घातलेले नाना. त्यांनी भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचली होती, हे मला मार्थाने नंतर सांगितलं. "मानसोपचार तज्ज्ञ. म्हंजी डोक्याचं डाक्टर. एमबीबीएसच्या वरचं असतंय ते," असं त्यांनी वहिनींना समजावलंही होतं.

"कागद पोस्टानं कशाला," नाना मला म्हणाले. "म्हनलं, त्या निमित्तानं घर बी बगून हुईल."

तेवढ्यात सर केबिनबाहेर आले. नाना ताडकन उठले, दोन्ही हात जोडले. सरांना वाटलं, नवे पेशंट.

"बसा, बसा. झोप कशी आहे?"

"कुनाची?"

"तुमची."

"झ्याक हाय," नाना गोंधळून म्हणाले. मग सावरले. "आपला मुलगा कुठं असतो, साहेब?"

"मला दोन मुली आहेत."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला तो सगळा फोन पहिल्यापासून ऐकू आला. नवी बाई फोन करते, लग्नाच्या मुलीचा स्वभाव विचारते, लहानपणापासूनची माहिती काढते, शाळेचे कागद मागते. आपल्याकडे ही चौकशी एकाच कामासाठी होते. मी अठरा प्रश्न विचारून स्थळ बघत होते!

आता खरं सांगावं तर अश्विनीचा शब्द मोडतो, आणि न सांगावं तर ही माणसं दोन एस्ट्या बदलून आलेली. मी मार्थाला चहा सांगितला आणि आत जाऊन अश्विनीला फोन केला.

"नाना पण आलेत?"

"टोपी घालून."

"थांबा. मी येते. मीच सांगते."

अर्ध्या तासाने ती लॅबचा पांढरा कोट घालूनच वर आली. मागोमाग वॉचमन आला, तिच्या स्कूटीची चावी घेऊन. गाडी चालूच होती म्हणाला.

ती आईसमोर खुर्ची ओढून बसली. "आई, ह्यांना कुणी मुलगा नाही. मी इथं स्वतःला दाखवायला येते."

आईचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "माझ्या पोरीला याड लागलंय व्हय, मॅडम?"

"नाही, ताई. अजिबात नाही." मी सगळं सांगितलं. वेड नाही, आळस नाही, जन्मापासूनची मेंदूची एक ठेवण आहे, तिच्यावर इलाज आहे आणि आधार आहे. "पण तुम्ही सांगितलंत तसं तिचं लहानपण असेल, तर हे तिला नाहीच. मग आम्ही तिला काही लिहून देऊ शकत नाही. आणि महिनाअखेर तिची नोकरी जाईल."

सरांनी हात पुढे केला. "प्रगतीपुस्तकं आणलीत ना?"

नानांनी नाइलाजाने झेरॉक्स काढून दिल्या. पहिली ते चौथी, गुण छान होते. सरांनी कागद उजेडाला धरला. "चार वर्षांत एकाही गुरुजींनी शेरा लिहिला नाही?"

शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे स्वच्छ पांढरं होतं. कडेला कागदाच्या पट्टीची बारीक सावली तेवढी झेरॉक्समध्ये उतरली होती.

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "पट्टी ठेवून झेरॉक्स काढली. गुरुजींनी वाईट लिवलंय. स्थळाला कोन दाखवंल?"

माझ्या आयुष्यात वाईट शेरा ऐकायला मी इतकी उतावीळ कधीच झाले नव्हते. "मूळ पुस्तकं कुठायत?"

आईने पदर खोचला आणि पिशवीतून, हुरड्याच्या खालून, एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला जुडगा काढला. घरी ठेवलं तर कुणाच्या हाती लागेल म्हणून त्या सोबतच घेऊन आल्या होत्या. दुसरी: 'हुशार आहे, पण सतत जागा सोडते.' तिसरी: 'वह्या वारंवार हरवते. पालकांनी लक्ष द्यावे.' चौथी: 'उत्तरे येत असूनही पेपर अर्धा सोडून खिडकीबाहेर पाहते.'

सर पहिल्यांदा हसले. "उत्तम," ते म्हणाले. नाना चक्रावून त्यांच्याकडे बघत राहिले.

"आता खरं सांगू का?" आईने विचारलं. आणि मग जे धरण फुटलं! पहिलीच्या एका वर्षात चार पाट्या हरवल्या. दुधाकडे बघ म्हणून चुलीपुढे बसवलं, तर दूध उतू जाऊन चूल विझली तरी ही तिथेच बसलेली. शेतात बापाची भाकरी घेऊन निघाली ती संध्याकाळी खर्ड्याच्या किल्ल्याच्या तटावर सापडली, पोपट मोजताना. भाकरी कुत्र्याने खाल्लेली. नानांनाही जोर चढला. "आन् बैल सोडले ते सांग की, वहिनी!" प्रत्येक प्रश्नाला आता नवी गोष्ट निघत होती. मी नवा फॉर्म घेतला. लिहून लिहून हात दुखला. अश्विनी हसत होती, नाना मांडीवर थापा मारत होते.

आणि मध्येच आई थांबल्या. हातातल्या पुस्तकातल्या त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "पालकांनी लक्ष द्यावे. ह्या शेऱ्यापायी मी तिला लई मारलंय, मॅडम. चिमट्यानं बी मारलंय. मला काय ठावं, तिच्या हातात न्हवतं ते."

अश्विनी उठून त्यांच्याजवळ गेली. "मलाही ठाऊक नव्हतं, आई. मला वाटायचं, मारतात ते बरोबरच." दोघी एकमेकींना धरून रडल्या. मला इतकं भरून आलं की मी उगाच फाईल शोधायला आत गेले. फाईल माझ्या हातातच होती.

त्या आठवड्यात सरांनी निदान पक्कं केलं. गोळी सुरू झाली, माझ्याकडे दर आठवड्याला सेशन ठरलं. शिवाय आमच्या क्लिनिकमध्ये मोठ्या माणसांचा एक छोटा गट शनिवारी भेटतो. त्यात एक शिक्षिका आहे, एक टेम्पोवाला आहे, एक वकील आहे. कुणी काय युक्ती शोधली ते एकमेकांना सांगतात. वेळ सहाची आहे. साडेसहाला सगळे येतात, आणि उशिराबद्दल कुणी कुणाला बोलत नाही, हाच अश्विनीच्या मते सगळ्यात मोठा आधार.

राहिला डेअरीचा मॅनेजर. अश्विनीच्या संमतीने मी पत्र घेऊन तिच्यासोबत गेले. जाधव साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे मी आता काय करायचं? टँकर थांबवू?"

"लॅबची ती खिडकी बंद करा."

प्रत्येक टँकरचा ड्रायव्हर त्या खिडकीत डोकं घालून 'झालं का, मॅडम?' विचारायचा. आकडा मशीनवर वाचायचा आणि रजिस्टरला लिहायचा, ह्यामधल्या तीन पावलांत अश्विनीला दोन हाका यायच्या. मी सुचवलं ते एवढंच. खिडकी बंद. प्रत्येक नमुन्याचा आकडा मशीनशेजारीच लिहायचा, पुढचा नमुना नंतर. आणि मोठ्या आवाजाचा टायमर.

"खिडकी बंद करायला डॉक्टरचं पत्र लागतं?" जाधव साहेब म्हणाले.

"लागलं खरं."

कॉन्ट्रॅक्ट मिळालं, एका वर्षाचं. जाधव साहेब म्हणतात, खिडकी बंद झाल्यापासून लॅबमधल्या बाकी दोघांच्याही चुका कमी झाल्या. त्यांना काहीही निदान नाही. अश्विनी अजून विसरते. पण विसरल्यावर रडत नाही, टायमर लावते.

माझ्या फॉर्मच्या डोक्यावर मी आता हाताने एक ओळ लिहिते आणि फोन लावला की तीच आधी वाचून दाखवते: ही स्थळाची चौकशी नाही. पुढचं सगळं काम सोपं होतं. हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

परवा, उन्हाळ्यात, अश्विनीच्या आईचा फोन आला. खरोखरचं स्थळ आलं होतं, कर्जतकडचं. काय सांगावं, असं त्यांनी अश्विनीलाच विचारलं होतं. "ती म्हनली, मॅडमला सांगितलं तेच सांग, समदं. ज्याला चालंल तो यील."

"मग? आला का?"

"आला की. समदं ऐकून घेतलं, पोहे खाल्ले, हसला बी. आन् जाताना हेल्मेट हितंच इसरून गेला."

मी म्हटलं, एका हेल्मेटवरून निदान होत नाही, ताई. वयाच्या बारा वर्षांआधीचं कुणीतरी सांगावं लागतं.

"मग त्येच्या आईला फोन लावू का?"

"लावा की. पण स्थळाच्या चौकशीत कुठलीच आई खरं सांगत नाही, हे धरून चाला."

"आता मलाच सांगता व्हय, मॅडम!" त्या म्हणाल्या.