एकदाच गुणलेला आकडा

कारखान्यात तिला सगळे टेस्टिंगबाई म्हणत. एकवीस वर्षे ती एकाच खोलीत बसत आली होती. समोर कोमट पाण्याची टाकी, तीत उभी केलेली काचेची वाकडी नळी आणि हातात स्टॉपवॉच. नळीच्या वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत तेल किती सेकंदांत उतरते ते पाहायचे आणि त्यावरून तेलाची श्यानता, म्हणजे ते आपल्याच वजनाने किती संथ वाहते त्याचे माप, चिठ्ठीवर लिहायचे. आकडा भिंतीवरच्या तक्त्याशी जुळला की 'योग्य' असा शिक्का मारून सही करायची. तेल यंत्राला मानवेल का, हे तिला कोणी विचारीत नसे. विचार करणाऱ्यांनी विचार करावा आणि मोजणाऱ्यांनी मोजावे, ही विभागणी ज्यांनी केली होती त्यांना ती फार सोयीची होती.

जुन्या यंत्राचे पुस्तक इंचांत होते. कारखाना मिलिमीटरवर गेला तेव्हा मोठ्या साहेबांनी आठवडाभरात सगळे आकडे बदलून नवा तक्ता टांगला. मोठ्या गिअरबॉक्सच्या तेलासमोर आकडा होता १२.७.

नव्या तक्त्याप्रमाणे मागवलेल्या त्या तेलाचे पिंप आले, तेव्हा यंत्रांना तेल घालणारे म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे तेलमामा म्हणत, दोन बोटांत थेंब चोळत तिच्या दारात उभे राहिले.

"ताई, हे तेल आहे की रॉकेल? बोटावर थांबतच नाही."

"मामा, तक्त्यात बारा पूर्णांक सात आहे. माझ्या नळीतही तेवढंच आलं."

"तुझ्या नळीनं आयुष्यात कधी गिअर पाहिलाय का?"

"आणि तुमच्या बोटांवर शिक्का मारता येत नाही," असे म्हणून ती हसली आणि तिने सही केली. पुढे सगळे माफ करता आले असते. ते हसू मात्र तिला स्वतःला कधी माफ करता आले नाही.

अकराव्या दिवशी गिअरचे दात झिजून उडाले, बेअरिंग जळाले. चौकशी समितीचा निष्कर्ष दोन दिवसांत तयार झाला: तेल तपासलेले व योग्य होते, तेल घालणाऱ्याने पातळी कमी ठेवली, सबब त्यास कामावरून कमी करावे. पुरावा म्हणून टेस्टिंगबाईची चिठ्ठी जोडली होती. तिचीच सही मामांच्या मानेवर ठेवली होती.

तिने धूळ खात पडलेले मूळ पुस्तक काढले. तिथे लिहिले होते: अर्धा वर्ग इंच दर सेकंदाला. त्या 'वर्ग' शब्दावर तिचे बोट थांबले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता समितीपुढे गेली.

"बाई, तुमचं काम मोजायचं," समितीत बसलेले मोठे साहेब म्हणाले. "गणित आमच्याकडे राहू द्या."

"राहू दिलं, तेच चुकलं. साहेब, घरात फरशी बसवायची तर एकच भिंत मोजून फरश्या आणता का?"

समितीतले कोणीतरी खुदकन हसले. ती हसली नाही. "एका इंचाचे मिलिमीटर पंचवीस पूर्णांक चार. ही झाली लांबी. पुस्तकात वर्ग इंच आहेत. चौकोनाला लांबी असते तशी रुंदीही असते; दोनदा गुणावं लागतं. एका वर्ग इंचाचे सहाशे पंचेचाळीस, अर्ध्याचे तीनशे साडेबावीस. तुम्ही एकदाच गुणलंत, म्हणून बारा पूर्णांक सात आलं. पंचवीसपट पातळ तेल आपण घातलं आणि ज्या माणसानं ते नुसत्या बोटांनी ओळखलं, त्यालाच घरी पाठवताय!"

"चिठ्ठीवर सही तर तुमचीच आहे."

"आहे ना. लाज वाटते म्हणूनच आलेय. माझी चूक माझ्या नावावर लिहा. तक्ता कोणाच्या नावावर लिहिणार?"

नवा अहवाल आला. मामा कामावर परतले. बाईला लेखी ताकीद मिळाली. ती तिने घेतली. तक्त्याबद्दल मात्र एवढेच लिहिले होते की रूपांतरात 'तांत्रिक त्रुटी राहून गेली'. मामांचा न घडलेला दोष नावासकट नोंदवला होता. साहेबांचा घडलेला दोष बेवारस ठरला. सुशिक्षितांची लबाडी अशी असते: तिला आवाज नसतो, उत्तम हस्ताक्षर असते.

सुधारलेला तक्ता आला. बाईने पेन्सिलीने त्यात दोन रकाने आखले: 'मूळ माप' आणि 'रूपांतर करणाऱ्याची सही'. सही होईपर्यंत एकाही चिठ्ठीवर शिक्का मारणार नाही, असे तिने कळवले. दुरुस्त गिअरबॉक्स कोरडा उभा राहिला. निरोप आले, धमक्या आल्या. ती रोज वेळेवर येऊन शिक्क्यासमोर हाताची घडी घालून बसे.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः आले आणि सही करून गेले.

तिने मामांना बोलावून नव्या तेलाची बाटली पुढे केली. "आधी तुम्ही."

मामांनी थेंब बोटांत चोळला, बराच वेळ चोळला. "हं," ते म्हणाले.

मग तिने नळी पाण्यात उभी केली.