टोकन नंबर पुकारले तेव्हा

आमच्या विद्यापीठाची व्याख्यानमाला बंद पडायला आली होती, आणि तिच्यासाठी हळहळणारं माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच होतं. माझे वडील.

मी विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरीला आहे. दर महिन्याच्या एका शनिवारी बाहेरून कुणीतरी मोठं माणूस बोलवायचं, त्यांना चिंचवड स्टेशनवरून आणायचं, चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते विचारायचं, आणि सभागृह भरल्यासारखं दिसावं म्हणून दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हजेरीचा धाक दाखवून खुर्च्यांवर बसवायचं, हे सगळं माझ्याकडे. बाहेर फलकावर लिहिलेलं असायचं, 'प्रवेश सर्वांना खुला'. त्या सर्वांपैकी यायचे फक्त पप्पा.

पप्पांचा जन्म गेला फोर्जिंग शॉपमध्ये, हॅमरवर. लाल झालेल्या लोखंडावर तो अजस्र हातोडा पडला की पायाखालची जमीन हलते. त्या दणक्यांनी त्यांचे कान गेले. तरीही काळेवाडीहून दोन बस बदलून ते यायचे, पहिल्या रांगेतली 'निमंत्रितांसाठी राखीव' ही पाटी उचलून बाजूला ठेवायचे आणि स्पीकरच्या बरोबर खाली बसायचे. तिथून त्यांना ऐकू यायचं. आई गेल्यापासून त्यांना घराबाहेर काढणारी दुसरी गोष्टच उरली नव्हती. शुक्रवारीच शर्टाला इस्त्री व्हायची. महिनाभर मग शेजाऱ्यांना समुद्राखालच्या ज्वालामुखीबद्दल, नाहीतर मधमाश्यांच्या भांडणाबद्दल ऐकवणं चालायचं. शेजारी पळायचे, पण त्याचं त्यांना काही नाही.

आणि एक दिवस रजिस्ट्रार सर म्हणाले, "मॅडम, पुढचं व्याख्यान शेवटचं. येतं कोण? जबरदस्तीने आणलेली मुलं आणि तुमचे वडील. इथल्या लोकांना असल्या गोष्टींत रसच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथल्या लोकांना म्हणे रस नाही! अहो, तुम्ही व्याख्यान ठेवता दुपारी तीनला. तीनला इथला माणूस कुठे असतो? चाकणला मशीनवर! मी म्हटलं, "सर, शेवटचं तर शेवटचं. पण मला ते पाच वाजता करू द्या." सरांनी खांदे उडवले. तेवढी परवानगी मला पुरली.

घरी येऊन पप्पांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फर्स्ट शिफ्टच्या बसा मोशीत अडकल्या नाहीत तर साडेचारला निगडीला लागतात. तू तुझं काम कर, बसांचं माझ्यावर सोड."

आठवडाभर ते रोज दुपारी निगडीच्या स्टॉपवर, चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. कंपन्यांच्या बसमधून उतरणाऱ्या दमलेल्या माणसांना गाठायचे आणि सांगायचे, "राव, शनिवारी एक बाई येणारेत. लोखंड का थकतं ते सांगणारेत. आपण कधी थकतो ते विचारायला कोणी आलं नाही, निदान लोखंडाचं तरी ऐकून घेऊ!" माणसं हसायची. येतो म्हणायची. येतो म्हणणारे किती येतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पोरांना हजेरीचा धाक दाखवूनच ठेवला होता.

शनिवारी पावणेपाचला फाटकाबाहेर बसचा ब्रेक लागल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरी बस थांबली, मग तिसरी. ड्रायव्हर लोकांनी स्टॉप सोडून बस सरळ विद्यापीठाच्या दारात आणल्या होत्या! निळे, करडे गणवेश, हातात डबे, पायात जड सेफ्टी शूज. दाराशी वही घेऊन मीच बसले होते. सवयीने सगळ्यांनी आपोआप एक रांग धरली, एकेक जण वाकून वहीत लिहून आत जात होता. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची पोरं आपण होऊन उठली आणि त्यांनी जागा दिली. माझे डोळे भरून आले, उगाच खोटं कशाला बोलू.

पाहुण्या बाई म्हणजे परदेशात नाव कमावलेल्या धातुशास्त्रज्ञ, पण मूळच्या विदर्भातल्या. समोरचे गणवेश पाहिले आणि त्यांनी इंग्रजी कागद पर्समध्ये ठेवून दिले. एकच तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती का तुटते, इथून सुरुवात केली. तासभर सभागृहात साधा मोबाइल वाजला नाही. शेवटी प्रश्न विचारायला पप्पा उठले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो.

"बाई, तुम्ही लोखंडातला तडा मशीन लावून बघता. आम्ही घडवलेल्या जॉबवर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगायचो. चांगला जॉब खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तर आमचं बरोबर का चूक?"

बाई मंचावरून खाली उतरल्या. "अगदी बरोबर," म्हणाल्या, "आणि तुमचा कान किती बारीक तडा पकडायचा, ते मला सांगाल का?"

पप्पा हसले. "कान होता तोवर केसाएवढा पकडायचा."

मग काय, माझंही ऐका, माझंही ऐका करत सगळे बाईंभोवती जमले. कोण डायचा, म्हणजे साच्याचा तडा सांगतोय, कोण स्प्रिंगचा. बाईंची गाडी तासभर फाटकात उभी राहिली. त्या दिवशी मी घरी बसने गेले नाही, तरंगत गेले म्हणा ना!

सोमवारी सकाळी रजिस्ट्रार सरांनी बोलावलं. समोर हजेरीची वही उघडी. "हे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. पानंच्या पानं भरलेली, पण 'नाव' या रकान्यात कुणाचंच नाव नव्हतं. नुसते आकडे. कंपनीने कामगाराला दिलेला टोकन नंबर! रांगेतल्या पहिल्याने सवयीने टोकन नंबर टाकला, आणि त्याच्यामागे सगळ्यांनी तेच केलं. गेटवर टोकन, कॅन्टीनला टोकन, लॉकरवर टोकन. वही समोर आली की त्यांच्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. आणि मी? मी तिथंच बसले होते की! माझ्या नजरेला ते खटकलंसुद्धा नाही. जन्मापासून घरातल्या डब्यावर, छत्रीवर, रेनकोटवर पप्पांचा नंबरच पाहत आले मी.

"आज साडेचारला समितीची बैठक आहे," सर म्हणाले. "मी तिच्यासमोर हे आकडे ठेवू? उद्या कोणी म्हणेल, मॅडमनी घरी बसून वही भरली."

"कोणी कशाला, तुम्हीच म्हणताय की!" मी म्हटलं. तोंड आवरत नाही माझं. "समितीला पाचला सभागृहात घेऊन या सर. वही आणा आणि एकेक नंबर पुकारा. कोणी उठलं नाही, तर व्याख्यानमालाही बंद करा आणि मलाही काढा."

बोलून तर बसले. पप्पांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मेसेज केला, सगळ्यांना आज पाचला पुन्हा आणा. उत्तरात फक्त अंगठा आला.

पाचला समितीची तिघं मंचावर बसली. सभागृह पुन्हा भरलं होतं. बैठकच ती, म्हणून माईक लावलेला नव्हता. सरांनी घसा साफ करून पहिला आकडा वाचला. मागून एक माणूस उठला, "हजर!" दुसरा आकडा, "हजर!" सर आधी तोऱ्यात वाचत होते, एकेक आकडा तोलून. एका आकड्याला दोन जण उठले, दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि एकमेकांकडे बघायला लागले. "भावा, माझा नंबर घेतलास का रे?" सभागृह खदखदून हसलं. समितीतले वयस्कर प्राध्यापकही हसले. हळूहळू सरांच्या आवाजातला तोरा उतरत गेला. काही जण सेकंड शिफ्टला गेले होते, त्यांच्या नंबरला शेजारी सांगत होता, "ड्युटीवर आहे साहेब, निरोप दिलाय." एवढी इमानदार हजेरी विद्यापीठात कधी झाली नसेल.

शेवटचा आकडा सरांनी वाचला. कोणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा वाचला. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो नंबर मला झोपेतही पाठ होता. घरातल्या प्रत्येक डब्यावर रंगाने घातलेला, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी न पुसलेला.

पहिल्या रांगेत, मुक्या स्पीकरच्या खाली, पप्पा हातांची घडी घालून शांत बसले होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. मागच्या रांगेतल्या माणसाने वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मंचाकडे बोट दाखवलं. पप्पा उठले. इस्त्रीचा शर्ट खाली ओढून नीट केला, कंपनीच्या गेटवर उभे राहावेत तसे ताठ उभे राहिले.

"हजर, साहेब!"

सरांनी वही मिटली. समितीतल्या बाकीच्या दोघांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. "पुढचं व्याख्यानही पाचलाच ठेवा," सर मला म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आणि वहीत टोकनचा रकाना घाला."

पप्पा माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "काय म्हणाले? बंद करतायत?"

मी त्यांच्यापाशी गेले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या कानात बेंबीच्या देठापासून ओरडले, "चालू राहणार, पप्पा! चालू!"

पहिली टाळी कोणी वाजवली ठाऊक नाही. पण मग सगळं सभागृह उठलं, आणि जड सेफ्टी शूज जमिनीवर आपटायला लागले, शंभरएक जोड एकदम. जमीन हलली. पप्पांनी खाली पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऐकू येतंय गं," ते म्हणाले.