शोपँ आणि मिक्सर

रविवारी सकाळी दहा ते दुपारी एक आमच्या घरात मिक्सर लावायला बंदी होती. बंदी घातली होती आमच्या ह्यांनी. त्या वेळात टेपवर पियानो चालायचा, आणि पियानो चालू असताना मिक्सर, कुकरची शिट्टी, बादलीत सोडलेला नळ, यातलं काहीही चालायचं नाही. जळगावातल्या आमच्या क्वार्टरला दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत शोपँ आणि आतल्या खोलीत मी, शेवभाजीचं वाटण साडेनऊलाच उरकून चमच्याचाही आवाज न करता वावरत असायची.

मी नशिराबादच्या शाळेत शिक्षिका होते. सहा दिवस बसमध्ये उभं राहून जायचं, दिवसभर पन्नास मुलांचा कलकलाट सोसायचा आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन परत यायचं. सातवा दिवस माझा असायला हवा होता. तो दीडएकशे वर्षांपूर्वी वारलेल्या पोलंडच्या या शोपँ नावाच्या संगीतकाराला का द्यायचा, हे मला आजतागायत कुणी पटवून दिलेलं नाही.

हे तारमास्तर होते. वीस वर्षं मोर्सच्या यंत्राला कान लावून बसलेला माणूस. यंत्राचं कडकट्ट सुरू झालं की दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते ह्यांना नुसत्या हाताच्या लयीवरून कळायचं. ‘आज भुसावळचा मास्तर तापाने फणफणलाय,’ असं घरी येऊन सांगायचे, आणि ते खरं निघायचं. तारेवर खरखर फार असते. ती कानाआड करायची आणि त्यातून फक्त कामाचं तेवढं उचलायचं, हा ह्यांचा धंदा होता आणि हाच ह्यांचा तोराही होता. ‘माझा कान तारेवर तयार झालाय,’ हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ऐकलं, आणि पुढे किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं.

पियानोचं खूळ आणलं धुळ्याच्या भाऊंनी. भाऊ म्हणजे ह्यांचे शाळासोबती, धुळ्याला कॉलेजात ग्रंथपाल. त्यांचा चुलतभाऊ परदेशात होता, तो रेकॉर्डी पाठवायचा. भाऊ त्या रेकॉर्डी कॅसेटवर उतरवून घ्यायचे आणि एक रविवार आड पहिल्या गाडीने पारोळा, एरंडोल करत आमच्याकडे हजर व्हायचे. मग दोघं एकच रचना तीन-तीन, चार-चार वादकांची लावून ताडून बघायचे. एकच रचना! मला आधी वाटलं, टेप बिघडलाय. मी तसं म्हटलंही. तेव्हा दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही.

एका वर्षी ह्यांच्या कचेरीत टेलिप्रिंटर आला, तार आपोआप छापून देणारं यंत्र. मोर्सचं यंत्र काढून फळीवर ठेवलं आणि ह्यांना खिडकीशी फॉर्म घ्यायला बसवलं. घरी येऊन ह्यांनी चपला काढल्या, चहा घेतला, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पण त्या आठवड्यापासून दहा ते एकची बंदी दहा ते दोन झाली. मला काही कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. तरी संताप यायचा तो यायचाच.

थंडीच्या सुरुवातीला भाऊंनी नवी कॅसेट आणली. एका बाजूला एका म्हाताऱ्या वादकाने वाजवलेलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांततेसाठी रचलेलं संथ संगीत. दुसऱ्या बाजूला तेच, पण एका तरुण वादकाचं. दोन्ही मैफिलीत, लोकांसमोर वाजवलेलं. हे म्हाताऱ्याच्या बाजूचे, भाऊ तरुणाच्या. अख्खा वांग्याच्या भरताचा मोसम या भांडणात गेला.

‘तुना म्हातारा थकेल शे, थकेल!’ भाऊ ओरडायचे. एरवी ते शुद्ध बोलायचे, पण रागावले की थेट गावाकडच्या बोलीवर यायचे.

‘आनि तुना पोऱ्याले घाई शे,’ हे म्हणायचे. मग मला हाक यायची. ‘तू सांग. डावा हात कुणाचा जड वाटतो?’

मी म्हणायची, ‘पहिल्याचा.’ सांगितलं की सुटका व्हायची. पुढच्या वेळी म्हणायची, ‘दुसऱ्याचा.’

मला डावा हात कळत नव्हता, पण खोकला कळत होता. म्हाताऱ्याच्या बाजूला, सूर हळूहळू खाली उतरून थांबतात तिथे, ऐकायला बसलेलं कुणीतरी दोनदा खोकायचं. पहिला खोकला दाबलेला, दुसरा मोकळा, आणि लगेच खुर्ची करकरायची. त्या चार तासांत माझ्या ओळखीचं तेवढं एकच माणूस होतं. मी त्याची वाट बघायची. त्याला आल्याचा काढा द्यावा असं मनात यायचं. एकदा ह्यांना बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, ‘खोकल्याकडे काय लक्ष देतेस? संगीत ऐक.’

तरुणाची बाजू लागली की मी एरवी वह्या घेऊन मागच्या दारी बसायची. एका रविवारी ती चालू असताना मी आतच होते, आणि त्याच जागी तेच माणूस खोकलं. दोनदा. मागोमाग खुर्ची करकरली.

दुसऱ्या दिवशी शाळेला कसलीशी सुट्टी होती आणि हे कामावर गेले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टेप लावला. ही बाजू ऐकली, मग ती बाजू ऐकली. शंकाच नव्हती. दोन्हीकडे एकच वादक होता, एकच मैफल होती. दोन महिने हे दोन शहाणे एकाच माणसाच्या दोन हातांवरून एकमेकांच्या उरावर बसत होते. मी मिक्सरच्या ओट्याला टेकून पोट दुखेपर्यंत हसले.

सांगायचं मात्र नाही, असं ठरवलं. खिडकीशी फॉर्म घेणाऱ्या माणसाचा कान तेवढा शिल्लक होता. तीन रविवार मी तोंड मिटून काढले, आणि हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

चौथ्या रविवारी दोघं इतके हमरीतुमरीवर आले की भाऊंनी पिशवी उचलली. ताटं वाढलेली होती. पहाटे उठून भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, सगळं निवत होतं. हे म्हणाले, ‘जाऊ दे त्याला. ज्याला कानच नाही त्याच्याशी काय बोलायचं!’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘कान तुम्हालाही नाहीत!’ मी दारात उभी राहून ओरडले. ‘दोन्हीकडे एकच माणूस वाजवतोय! तोच खोकला आहे, ऐका!’

ह्यांनी कॅसेट लावली. खोकला आला, खुर्ची करकरली. कॅसेट उलटली. खोकला आला, खुर्ची करकरली.

‘म्हनजे बठ्ठं येकच शे?’ भाऊ म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसत सुटले. मग त्यांना आठवलं. कॅसेट भरताना मध्येच वीज गेली होती. ती आल्यावर त्यांनी पुन्हा तीच रेकॉर्ड चढवली असणार. तरुणाची पाकिटातून निघालीच नव्हती. ते पिशवी ठेवून जेवायला बसले आणि दोनदा भरीत मागून घेतलं. हे शेवटपर्यंत हसले नाहीत.

‘मला खोकला ऐकूच आला नाही,’ एवढंच म्हणाले. हे भाऊंना सांगत नव्हते, मलाही नाही.

पंधरा दिवसांनी भाऊंनी तरुणाची खरी कॅसेट आणली. ह्यांनी ती दोनदा ऐकली. भाऊंनी विचारलं, ‘कसा काय?’ हे म्हणाले, ‘चांगलाय.’ पुढच्या वेळी म्हाताऱ्यालाही चांगलाय म्हणाले. भांडायला कुणी उरलं नाही, तसे भाऊ महिन्याने, दोन महिन्यांनी येऊ लागले. टेप लागायचा, पण हे ऐकतात की नुसते बसतात ते कळायचं नाही. मला हवी होती ती शांतता मिळाली होती, आणि ती मला खायला उठायची. मी खोटं बोलले नव्हते. पण ते त्या दिवशी, भाऊंच्या देखत, ओरडून बोलायला नको होतं. हे मला लख्ख कळत होतं, आणि कळून आता काही उपयोग नव्हता.

एका रविवारी अकरा वाजता, ऐन नॉक्टर्न चालू असताना, मी मुद्दाम मिक्सर लावला. भांड्यात काहीच नव्हतं. रिकामं भांडं घरघरत होतं आणि मी ओरडा येईल म्हणून दाराकडे बघत उभी होते. मी आणखी जोरात केला.

हे टेप बंद करून दारात आले. मी मिक्सर थांबवला तसे म्हणाले, ‘वाटून झालं की सांग. मग लावतो मी पुन्हा.’

इतक्या मऊ आवाजात हे माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मला ते सहन झालं नाही. ‘अजून व्हायचंय,’ मी म्हटलं, आणि भांडं रिकामं आहे ते दिसू नये म्हणून त्यावर हात धरून उभी राहिले.