आईच्या खोलीची कडी

नागपूरच्या डॉक्टरांनी मला समोरचा कागद दुमडून दाखवला होता. मेंदूतल्या प्रथिनांची घडी अशी ठरलेली असते, म्हणाले. ती चुकली की बिघडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे साचतात आणि पेशी मरत जातात. आईच्या अल्झायमरचं कारण हे असावं. "'असावं' म्हणतोय हं, पक्कं अजून कुणालाच सांगता येत नाही," असंही डॉक्टर म्हणाले.

बालाघाटला येऊन मी हे घरात सांगितलं आणि तोंडाची वाफ दवडली. एवढा शिकलेला माणूस 'असावं' म्हणतो, पण आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक. किरनापूरची आत्या म्हणाली, "वहिनी लय विचार करे. डोकं खराब करून घेतलं." काकू म्हणाली, "तिच्या मायलेबी असंच झालतं. खानदानीच हाय." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आणि त्यातच तिरोडीच्या लोकांचं दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला, पाहायला यायचं ठरलं. दादा मला म्हणाला, "माय मागच्या खोलीत राहीन. बाहेरून कडी लावून देऊ."

"काहून?"

"त्याईले समजलं तं पोरीचं जमन का? थोडा सोच ना. घंटे-दो घंटे की तो बात है."

माझं डोकंच फिरलं. ज्या बाईनं उभा जन्म पाहुण्यांचं करण्यात घालवला, तिलाच पाहुण्यांपासून लपवायचं? आमच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याचा गडवा दिल्याशिवाय त्याला खुशालीसुद्धा विचारायची नाही, हा तिचाच नियम. मी दादाशी कडकडून भांडले. तो हो-हो म्हणाला, आणि मी चुलीपाशी पोहे परतत होते तेवढ्यात कडी लावूनही आला.

पाहुणे आले. दादा शेतीचं सांगत बसला, काकू भाचीचा पदर नीट करत राहिली. मुलाच्या आईनं विचारलं, "आजी नाई दिसून राहिल्या?"

"गावाले गेली," दादा म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. आमची नावं केव्हाच विसरलेल्या आईचा, पण अगदी पूर्वीसारखा ठणठणीत.

"पाहुण्याईले पाणी देलं का कोणी?"

दादानं मान खाली घातली. पाणी खरंच कुणी दिलं नव्हतं. मी सगळ्यांसमोरून मागे गेले आणि कडी काढली.