कंपनीला हवी असलेली चूक

सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा अधिकारी, तोंडाचा फटकळ, पण कामाला चोख. जहाजावरचे नकाशे त्याच्या ताब्यात. हे नकाशे कॉम्प्युटरवर असतात आणि त्यांतल्या दुरुस्त्या कंपनी पेनड्राइव्हवर पाठवते. असाच एक पेनड्राइव्ह त्याने लावला आणि नकाशाने भलतीच वाट दाखवली. भरल्या मालानिशी जहाज वाळूत रुतलं. कुणा हरामखोराने आत व्हायरस घुसवला होता. तो कसला सापडतोय! सापडला सेकंड मेट.

कंपनीचा वकील म्हणजे त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चौकशीच्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात, बाहेरच्या खोलीतच त्याने नवराबायको दोघांना गाठलं.

"भाऊजी, एवढंच म्हणा, न तपासता लावला. जहाज चालवण्यात तुमची चूक ठरली, तर कायद्याने मालाचं नुकसान कंपनीच्या अंगावर येत नाही. निघतानाच जहाज धड नव्हतं असं ठरलं, तर सगळी भरपाई कंपनीवर, आपण मेलो."

"आपण? लायसन्स माझं जाणार आणि मरणार तुम्ही?"

"अहो, ऐका ना त्याचं," बायको म्हणाली. "भाऊ आहे माझा, वाईट सांगेल का?"

सेकंड मेटने रागाने तोंड फिरवलं आणि बघतच राहिला. रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरला लोखंडी पट्ट्या होत्या. लाटांत हलू नये म्हणून जहाजावर त्यानेच त्या बसवल्या होत्या. प्रत्येक पेनड्राइव्ह आधी याच्यावर तपासायचा, असा नियम. पण जहाज निघण्याआधीच दुरुस्तीच्या नावाखाली कंपनीने हा उतरवून नेला तो नेलाच. मागून मागून जीभ झिजली, तर म्हणे, "पाठवतो, पाठवतो!" आणि इथे मेला पाहुण्यांची नावं लिहून घेतोय!

"हा तपासणीचा कॉम्प्युटर इथे कसा रे?"

मेहुण्याचा चेहरा खर्रकन उतरला. "भाऊजी, आत हे काढू नका. हात जोडतो."

"म्हणजे तुला ठाऊक होतं," बायको म्हणाली.

"ताई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे गं."

"आणि यांच्या?"

 मेहुण्याने रिसेप्शनच्या मुलीला डोळ्याने खुणावलं, तशी ती त्या कॉम्प्युटरची वायर काढायला वाकली. बायको ताडकन उठली. तिने टेबल गाठलं आणि कॉम्प्युटरची लोखंडी पट्टी मुठीत आवळून उभी राहिली.

"अहो, चौकशीच्या साहेबांना इथेच बोलवून आणा. मी हलत नाही."

"ताई, सोड. मी तुझा भाऊ आहे."

"हात तर लावून बघ," ती म्हणाली.