चादरींचा पतंग

आमच्या मंगलागौरीच्या गल्लीतले रेल्वेचे बाबू दर रविवारी मला नाव वल्हवायला लावायचे. माणसाला पाण्यावरून ओढून नेणारा पतंग त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिला होता. जुन्या चादरी शिवून तसाच एक केला आणि पन्नाशीत टायरच्या ट्यूबवर बसून गंगेत शिकू लागले. ते पडायचे, मी ओढून नावेत घ्यायचो. ‘बस, एकदा हवा लागू द्या,’ म्हणायचे. माझे खांदे भरून यायचे.

फाल्गुनात एकदा हवा लागली. जेमतेम तीन नावांच्या लांबीएवढे गेले असतील, तोच समोरच्या नावेतून एक बाई अस्थी सोडताना दिसली. दोर तिला लागेल म्हणून त्यांनी तो हातातून सोडून दिला. पतंग वाहून गेला.

नावेत आल्यावर धापा टाकत त्यांनी विचारलं, ‘किती गेलो हो?’

‘अर्धी गंगा,’ मी म्हणालो आणि वल्हं उचललं.