नकाशा कागदाचाच आहे ना?

जमीन मोजायच्या नोकरीत नकाशे फाइलला लागतात आणि माणसं डोक्यात राहतात. निवृत्त झालो तेव्हा फाइली ऑफिसात ठेवून आलो. माणसं मात्र माझ्याबरोबर घरी आली.

धायरीचे एक प्राध्यापक. प्लॉट घेतला, कंपाउंडची भिंत बांधली, 'गेटसमोर वाहन लावू नये' अशी पाटी ठोकली आणि मग मोजणीचा अर्ज केला. मोजलं, तर भिंत शेजाऱ्याच्या जागेत चार फूट. मोजणी भिंतीच्या आधी करायची असते, असं मी नम्रपणे सांगितलं.

"भिंत पक्की आहे," ते म्हणाले. "नकाशा कागदाचाच आहे ना?"

*

मोजणीची नोटीस लगतच्या मालकांनाही जाते. एका गृहस्थांनी ती घेतलीच नाही. मोजणीच्या दिवशी मात्र सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून हजर. हद्दीच्या खुणा रोवून झाल्यावर खाली आले आणि म्हणाले, आपल्याला काहीच कळवलेलं नाही, ही मोजणी मान्य नाही.

मग आज कामावर कसे गेला नाहीत, मी विचारलं.

"मोजणीसाठी रजा घेतलीय."

*

आयटीतल्या एका बाईंकडे सातबारा अगदी स्वच्छ, लॅमिनेट केलेला. पण सातबारा जमीन किती ते सांगतो, नेमकी कुठे ते नाही. जागा दाखवा म्हटल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. विकणाऱ्याने लोकेशन पाठवलं होतं. पाहिलं, तर स्वारगेटचा डेपो. साहेबांनी ते बसची वाट बघताना पाठवलं होतं.

*

शेखसाहेबांचं मंडईजवळ दुकान. कांबळेबाई सरकारी नोकरीतून निवृत्त. दोघांची घरं शेजारीशेजारी. मधल्या फूटभर पट्टीवरून नऊ वर्षं बोलणं बंद. शेवटी दोघांनी मिळून अर्ज केला, तोही वकिलांमार्फत.

मी मोजलं आणि घाबरलो. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग दोघांना नकाशा दाखवला. प्लॉट विकणाऱ्याने तेव्हा जागा दाखवतानाच अदलाबदल केली होती. शेखसाहेबांचं घर बाईंच्या प्लॉटवर होतं आणि बाईंचं त्यांच्या.

बाईंनी चष्मा काढून पुसला. ज्या घरात मुलांची लग्नं झाली, त्याकडे त्या नुसत्या बघत राहिल्या. मग शेखसाहेबांच्याच पायरीवर टेकल्या.

शेखसाहेबांनी आत चहा सांगितला आणि दार पूर्ण उघडलं.

"बाहेर का बसलात? आत या ना, बाई. घर तुमचंच आहे."